हार्लनचा एकच शब्द

१० फेब्रुवारी १९८६

प्रिय रॉयस,

तुमचं पाकीट शनिवारी मिळालं. आत लाकूडवाल्या पर्डीचा रान तोडायचा कागद आणि त्यावर तुमची सही. पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, एखादी चिठ्ठी कोपऱ्यात अडकली असेल म्हणून. नव्हती. सही मात्र लगेच ओळखली. 'आर'चं पोट तुम्हीही तुमच्या भावासारखंच, हार्लनसारखंच फुगवता.

आता त्या कागदावर फक्त माझी सही राहिली आहे. पर्डी दोनदा येऊन गेला. जमीन गोठलेली आहे तोवर त्याला ट्रक रानात घालायचे आहेत, चिखल झाला की चाकं रुततात. माणूस वाईट नाही. झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून बोलतो, पण खाटीकही गाईच्या पाठीवर हात ठेवतोच. त्याला मी सांगितलं, मेपलच्या झाडांचा रस उतरायचा मोसम संपेपर्यंत थांब. तो म्हणाला, "डेल्माबाई, मोसम संपला की चिखल." मी म्हटलं, मग चिखल वाळेपर्यंत थांब.

रॉयस, अर्धं रान तुमचं आहे आणि ते विकायचा तुम्हाला हक्क आहे. तो मी नाकारत नाही. सही करण्याआधी एवढंच मागते की एक वसंत इथे या. चुलाणापाशी उभे राहा. त्यानंतरही तोडा म्हणालात तर तुमच्या समोर सही करीन आणि स्टेशनवर सोडायलाही येईन.

कारण सरळ आहे. गुऱ्हाळ एकट्याने होत नाही हे मी तुम्हाला काय सांगावं. एक आगीला लागतो, एक काहिलीला. हार्लन गेल्यावर पहिल्या वसंतात मी एकाही झाडाला तोटी ठोकली नाही. बादल्या माळ्यावरच राहिल्या. यंदा ठोकल्या. शेजारचा आर्मां घोडे घेऊन रस गोळा करायला येतो, पण काहिलीपाशी तो कामाचा नाही. त्याला बोलायला लागतं, आणि बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे बघतो.

तुम्ही मला ओळखाल की नाही कोण जाणे. खालच्या गावातल्या मोज्यांच्या गिरणीत मी होते. हार्लनशी लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला 'मोजेवाली' म्हणायचात. "मोजेवाली आली, पाय झाका रे" असं तुम्ही गुऱ्हाळाच्या दारातून ओरडला होतात, आणि तुमचे बाबा हसले होते. ते हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

गिरणीत माझं काम होतं निसटलेले टाके पकडायचं. तिथे 'रन' हा शब्द वाईट होता. एक टाका सुटला की त्याच्या खालचा सुटतो, मग त्याच्या खालचा, आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत शिडी पडते. तिला रन म्हणायचं. मुकादम असा मोजा माझ्या टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, "रन." मी बारीक आकडी घेऊन एकेक टाका परत वर चढवायची.

मग हार्लनने पहिल्यांदा मला इकडे आणलं. मार्च होता. दारात उभं राहून त्याने नाक वर केलं, हवा हुंगली, आणि आनंदाने म्हणाला, "रन." मी आधी माझ्या मोज्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच राहिला, मग त्याने हात धरून मला झाडापाशी नेलं आणि बादलीचं झाकण उचललं. तोटीतून थेंब पडत होते, एकामागून एक, घाई नाही, पण थांबतही नव्हते. माझ्या आयुष्यात तोच शब्द त्या दिवशी चांगला झाला.

या, एवढंच.

डेल्मा


२१ फेब्रुवारी

प्रिय रॉयस,

कार्ड मिळालं. "तोडा. —आर." पोस्टमास्तरीणबाईंनी ते माझ्या आधी वाचलं होतं. कार्ड देताना म्हणाल्या, "कटिंग घराण्यात शब्द महाग आहेत बाई, रक्तातच आहे ते." आमच्याकडे 'रक्तात आहे' म्हणायलाही तोच शब्द, घराण्यात रन होतं म्हणायचं. मी घरी येईपर्यंत त्यावर हसत होते.

हार्लन गेल्यावर वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत मी एक जाडा शब्दकोश घेतला. पाठपुठ्ठा सुटलेला, म्हणून कुणी घेत नव्हतं. माझी शाळा आठवीला सुटली आणि पुढचं सगळं मी हाती लागेल ते वाचून शिकले, त्यामुळे शब्दकोश वाचायचा नसतो, बघायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी वाचायला बसले. कुठून सुरू करावं म्हणून हार्लनचा शब्द काढला. तुम्हाला आठवत असेल, त्याचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर चालायचं. रस उतरला, रन. ओढा सुटला, रन. ट्रॅक्टर एकदाचा सुरू झाला, "रन होतोय." मला ताप चढला की तो डॉक्टरला फोनवर सांगायचा, "रन करतेय." कोंबड्यांना फिरायला जाळीचं आवार होतं, तेही रनच. रेडिओवर बेसबॉलच्या खेळात कुणी फेरी पुरी करून परत आला की खुर्चीतून न उठता म्हणायचा, "रन." मला वाटायचं, माणूस अबोल आहे, एका शब्दात भागवतो.

शब्दकोशात पाहते तर या एका शब्दाला पानामागून पानं. मी थक्क झाले. आर्मांच्या म्हाताऱ्या घोड्यासारखा शब्द आहे हा. नांगराला जुंपा, लाकडाच्या ढिगाला जुंपा, रविवारी घासूनपुसून देवळात जायच्या गाडीला जुंपा, कुरकुर नाही. पायांपासून सुरुवात होते, माणूस आणि जनावर पळतं तिथून. मग पाण्याकडे वळतो, नदी, नळ, मुलांचं नाक. धुण्यात कापडाचा रंग निघाला तर तिथेही हाच. मग यंत्रं, घड्याळं, आगगाड्या. मग कारभार. दुकान चालवणं हे, शाळा चालवणं हे, आणि कुणाचं घर दुसऱ्याच्याच मुठीत असेल तर तेही हेच. निवडणुकीला उभा असलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसून पाईप ओढत असला तरी आमच्याकडे तो धावतच असतो. आणि शेवटी, एखादी गोष्ट चालत चालत बाहेर निघून गेली की संपली. पीठ संपतं, लाकडं संपतात, दिवस संपतात, ते सगळं याच शब्दाच्या एका कोपऱ्यात ठेवलंय.

मी खूप दिवस विचार केला की या सगळ्यांत सारखं काय. मला वाटतं एवढंच, की काहीतरी निघालंय आणि अजून थांबलेलं नाही. कोश लिहिणाऱ्यांनी असं म्हटलेलं नाही. पण त्यांनी हार्लनबरोबर पस्तीस वर्षं काढली नव्हती. तो अबोल नव्हता हो. जे जे चालू होतं त्या सगळ्यासाठी त्याने एक शब्द ठेवला होता, आणि तो उच्चारताना दर वेळी त्याच्या चेहऱ्यावर वेगळं काही असायचं. मी शब्द ऐकतच नव्हते, चेहरा वाचायची. आता चेहरा नाही, म्हणून पानं वाचते.

पण ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळं आहे. घर सोडून पळून जाणं, त्यालाही हाच शब्द. तुम्ही गेलात तेव्हा सगळ्या गावाने तुमच्याबद्दल तो वापरला. तुमच्या बाबांनी वापरला. मीही वापरला असेल. हार्लनने कधीच नाही. ज्या माणसाने कोंबड्यांपासून तापापर्यंत सगळ्याला एकच शब्द लावला, त्याने तुमच्यापुरता तो बाजूला ठेवला. तो म्हणायचा, "रॉयस पश्चिमेला गेला." कुणी त्याच्यासमोर दुसरं काही म्हटलं की तो उठून बाहेर जायचा, लाकडं फोडायला.

आणि तुमची काहील भिंतीवर नाही.

तुम्हाला वाटत असणार की अजून आहे. तीन दिवस आग राखून तुम्ही भर दुपारी बाकावर पेंगलात, रस आटून तळाला लागला आणि काहील जळाली. ते मी डोळ्यांनी पाहिलं, डोनटचं ताट हातात घेऊन. बाबांनी जळकी काहील रस्त्याकडच्या भिंतीला ठोकली आणि गोठ्याच्या लाल रंगाने तिच्यावर तुमचं नाव लिहिलं, तेही पाहिलं. कटिंगांच्या गुऱ्हाळाचा नियम, जो जाळेल त्याचं नाव. तुमच्या आजोबांच्या काकांचंही होतं म्हणतात. पण दुसऱ्या कुणाला ते वाचत रोज दूध घालायला जावं लागलं नव्हतं. तुम्ही चिखल वाळायच्या आत गेलात.

बाबांना पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हार्लनने खिळे उपटले. काहील स्लेजवर घातली आणि पलीकडच्या गावात पत्र्याचं काम करणाऱ्याकडे नेली. जळका तळ कापून नवा बसवून आणला. बाजू तुमच्याच, नावासकट. मी म्हटलं, नाव घासून काढू का. तो नको म्हणाला. चुलाणावर बसवताना त्याने नावाची बाजू आगीकडे केली. पहिल्याच वसंतात नाव गेलं.

तेव्हापासून या घरातला सगळा पाक शेवटी तुमच्या काहिलीतून उतरला. मी कितीदा म्हटलं, हे रॉयसला कळव. तो म्हणायचा, "कळवायचं काय त्यात. रन होतेय की."

डेल्मा


४ मार्च, मंगळवार

प्रिय रॉयस,

काल तुमचं दुसरं कार्ड आलं. "तळ कुणी बसवला? डाख कसला?" पोस्टमास्तरीणबाईंना ते समजलं नाही, आणि त्यांची तळमळ बघून मला फार बरं वाटलं. तळ बसवणाऱ्याचं नाव होतं एझ्रा बीन, आता तो हयात नाही. डाख कथलाचा होता. कडेने बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता. इतक्या वर्षांत कुठेही पाझरली नाही. तुम्ही जहाजांच्या कारखान्यात पत्रेच जोडत होतात असं हार्लन सांगायचा, म्हणून तुम्हाला हे विचारावंसं वाटलं असणार.

आज गावसभा होती. सकाळपासून हवा मऊ होती, पागोळ्या गळत होत्या, रस धो धो. त्यामुळे सभेला निम्मे लोक आले नाहीत, आणि आलेल्यांपैकी निम्मे खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याच्या डागडुजीवर नेहमीचं भांडण झालं. देवळातल्या बायकांनी भाजलेला घेवडा आणि डुकराचं मांस केलं होतं, आणि गोडाला ॲपल पाय. मी फक्त जेवून परत येणार होते. तेवढ्यात वाचनालयाच्या मंडळाचा विषय निघाला आणि मागून आर्मां उठला. म्हणाला, "आमच्या डेल्माबाईंना घ्या. त्या शब्दकोश गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचतात. त्यांना पुढे काय होणार ते माहीत असतं, तरी वाचतात." सगळे हसले. दुसरं नाव आलं, मग मतं झाली, चिठ्ठ्या मोजणाऱ्यांचे चष्मे सापडेनात, त्यात वेळ गेला. मी निवडून आले.

म्हणजे मीही एकदा धावले तर. खुर्चीत बसून.

हार्लन एकदा गावपंचाच्या जागेसाठी उभा होता, तुम्हाला ठाऊक नसेल, तुम्ही नव्हतात तेव्हा. दोन शब्द बोला म्हणाले तर तो उठला, म्हणाला, "रस सुटलाय," आणि घरी गेला. तरी निवडून आला.

बाकी ठीक आहे. थकले आहे. इथेच थांबते.

डेल्मा


५ मार्च

प्रिय रॉयस,

कालचं पत्र सकाळीच टाकलं आणि परत येताना पेटीकडे मागे वळून बघत आले. बाकी ठीक नाही.

मी काहील जाळली. तुमची.

सभेला जाताना आग चालूच होती. आधी ती बसू द्यायला हवी होती, पण रस इतका येत होता की विझवायला जीव झाला नाही. काहिलीत रस भरपूर होता. मोठी लाकडं बाजूला ओढली, वरून रसाची धार बारीक ठेवली आणि म्हटलं, जेवण होईतो राहील. राहिलीही असती. पण ती धार वरच्या टाकीतून येते, तिच्या तोंडाशी सालीचा एक तुकडा अडकला, आणि मी तिकडे हसणाऱ्या लोकांमध्ये मतं मोजायची वाट बघत होते.

टेकडी चढताना छपराकडे पाहिलं. पांढरी वाफ हवी होती. तपकिरी धूर होता. वास तुम्हाला माहीत आहे.

दार उघडलं तर सगळ्या काहिलीत काळा फेस उभा राहिला होता, आणि त्याखाली तळ लाल. मी बर्फ टाकला. टाकायचा नसतो, तेही मला माहीत होतं. तळ वाकडा झाला आणि एझ्रा बीनचा सांधा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुटत गेला. मला गिरणीतला मुकादम आठवला.

आर्मां मागोमाग आला. त्याने टोपी काढली, जसं काही कुणी गेलंय, आणि म्हणाला, "बाई, गोठ्यात लाल रंग आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

त्याने ते थट्टेत विचारलं होतं हे मला कळत होतं. तरी मी डबा आणला. बाबांचे खिळे भिंतीतून उपटले होते, पण भोकं तशीच होती. त्याच भोकांत खिळे ठोकले. रस्त्याकडच्या भिंतीवर काहील टांगली आणि तिच्यावर माझं नाव लिहिलं, जमेल तेवढ्या मोठ्या अक्षरात. आर्मां म्हणाला, काढा ते, तुम्ही बाहेरून आलेल्या, तुम्हाला हा नियम नाही. मी म्हटलं, पस्तीसच्या वर वर्षं झाली, अजून बाहेरचीच का?

आज सकाळपासून जो जातो तो गाडी हळू करतो. दूधवाल्याने हात हलवला. पर्डी आला, बघितलं, आणि पहिल्यांदाच कागदाचं काही काढलं नाही. सांगू का, रॉयस, मला वाटलं होतं लाज वाटेल, आणि वाटलीही. पण दुपारी मी बाहेर जाऊन तिच्यासमोर उभी राहिले, आणि माझ्या नावाखाली धातूवर एक फिकट खूण दिसली. ती कदाचित तुमच्या नावातली असेल किंवा साधी काजळीची असेल. तुम्ही पंचविशीत रोज हिच्यासमोरून जात होतात. मी साठीत एकच दिवस गेले, आणि तेवढाही मला जड गेला. हार्लनने खिळे का उपटले ते मला इतक्या वर्षांनी नीट कळलं. तो मला म्हणाला होता, पण त्या एका शब्दात, आणि त्या दिवशी मी त्याचा चेहरा पाहिला नव्हता, भांडी घासत होते.

एक चांगलं झालं. काल संध्याकाळपासून थंडी परत आली. तोट्यांना बर्फाच्या सुया लागल्या आहेत, झाडं गप्प आहेत. जमलेला रस आम्ही डब्यांत भरून बर्फात पुरलाय. थंडी आहे तोवर टिकेल. मग हवा मऊ होईल, सगळं रान एकदम सुटेल, आणि माझ्याकडे काहील नसेल. नवी आणायची तर कारखान्याला मोसम उलटेल. दुसऱ्या कुणाची मागायची तर या दिवसांत कुणाची रिकामी नाही.

त्यामुळे आता तुम्ही नुसती सही करून बसू शकत नाही. म्हणजे, शकता. पण मला खरं लिहा, कार्डावर नाही. तोडू?

डेल्मा


१६ मार्च, रविवार
(गुऱ्हाळाच्या दाराला टाचलेलं)

रॉयस,

तुमची तार आर्मांच्या घरी आली. "हात लावू नका. येतोय. कथील आणतो." पोस्टमास्तरीणबाईंनी ती सगळ्या गावाला वाचून दाखवली, म्हणून बस थांबली तिथे तुम्हाला कुणी ना कुणी भेटलंच असेल. मी आले नाही याचा राग मानू नका. पहाटेपासून हवा मऊ आहे आणि मी आर्मांबरोबर ओढ्यापलीकडच्या झाडांकडे गेले आहे. बादल्या वाहताहेत. सकाळी दारात उभी राहिले, नाक वर केलं, आणि तो शब्द माझ्या तोंडून निघाला. शेजारी कुणी नव्हतं. तरी मोठ्याने म्हटला.

बाकावरची टोपी हार्लनची आहे. तिच्याखाली काडेपेटी. चुलाणात लाकडं रचून ठेवली आहेत, कोरडी, तुमच्या बाबांच्या पद्धतीने, मोठी मागे. ऐरण आणि डाख द्यायला तापवायची जुनी लोखंडी डागणी गोठ्यात. खायला ताटाखाली डोनट आहेत, आणि तुम्हाला आवडायचं ते काकडीचं आंबट लोणचं, पाक गोड लागावा म्हणून.

पर्डीचा कागद टेबलावर कपाखाली आहे. माझी सही नाही. पेटवण कमी पडलं तर तो चांगला वाळलेला आहे, पण ते तुम्ही ठरवा. अर्धं रान तुमचं.

काहील रस्त्यावरून दिसलीच असेल. खिळ्यांवरून तुम्हीच काढा. तळ बसवून झाला की चुलाणावर ठेवताना माझ्या नावाची बाजू आगीकडे करा. एका वसंतात जाईल.

मोजेवाली